उंची आधी, वाटणी नंतर: रॉक क्रॉलरच्या तोलाचा आढावा

रेडिओ-नियंत्रित रॉक क्रॉलर बाळगणाऱ्यांमध्ये एक आकडा मंत्रासारखा फिरतो: साठ-चाळीस. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना तिच्या वजनाचा ६० टक्के भार पुढच्या ॲक्सलवर आणि ४० टक्के मागच्या ॲक्सलवर पडावा, असा त्याचा अर्थ. कोणी पंचावन्न-पंचेचाळीसवर समाधान मानतो, कोणी पासष्ट-पस्तीसपर्यंत जातो. पण नाक जड हवे याबद्दल सहसा दुमत नसते. त्यामुळे या छंदात नव्याने आलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो पुढच्या ॲक्सलवर पितळ चढवण्याचा. पितळी नकल (वळणाऱ्या चाकाचा सांधा), पितळी डिफरन्शियल कव्हर, चाकाच्या आत पितळी कडी. हा सल्ला खोटा नाही, पण तो उलट्या क्रमाने दिला जातो. क्रॉलर कातळावर टिकतो की पाठीवर पडतो हे आधी ठरते गुरुत्वमध्याच्या उंचीवरून. पुढे-मागे वाटणीचा क्रम त्यानंतर लागतो, आणि गाडीत नवे वजन घालण्याचा विचार सर्वांत शेवटी करायला हवा. थोड्या अंकगणिताने हे दाखवता येते. त्यासाठी कुठल्या स्पर्धेतल्या विजेत्याच्या गाडीची नक्कल करावी लागत नाही.

क्रॉलर हा पळणारा प्राणी नाही. माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश, बहुधा १/१० प्रमाणातली ही गाडी आपल्या चाकापेक्षा उंच दगडांवर चढते. स्पर्धेत ती दोन-दोन खुणांमधून न्यायची असते. खुणेला धक्का लागला, गाडी मागे घ्यावी लागली, उलटली, की दंडाचे गुण चढतात, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. अशा खेळात वेगाला किंमत जवळजवळ नाही, तोलाला आहे. म्हणूनच या गाड्यांचा इतिहास वजन कुठे ठेवायचे या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास म्हणून वाचता येतो. टामिया कंपनीचा क्लॉड बस्टर १९८७ मध्ये आला तो मॉन्स्टर ट्रक म्हणून. पण त्याच्या प्रत्येक ॲक्सलवर स्वतंत्र मोटर होती, म्हणजे वजनाचा मोठा वाटा चाकांच्या मध्याजवळ, खाली होता. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या हौशी लोकांनी तेच ॲक्सल उचलून क्रॉलर बांधले. पुढे ॲक्सियलच्या एएक्स१० ने मोटर आणि गिअरबॉक्स चॅसिसच्या मध्यभागी आणले, एक्सआर१० ने मोटर पुन्हा ॲक्सलवर नेल्या. एससीएक्स१० च्या पिढ्यांनी खऱ्या जीपसारखे रूप लोकप्रिय केले. २०१७ च्या ट्रॅक्सस टीआरएक्स-४ ने पोर्टल ॲक्सल, म्हणजे चाकापाशी गिअर बसवून नळी वर उचललेला ॲक्सल, सामान्य ग्राहकाच्या हातात दिला. उनिमॉग ट्रकमध्ये तो कित्येक दशके आधीपासून होता. या मालिकेतली एक गोष्ट नजरेतून सुटू नये: दोन्ही ॲक्सलवर मोटर असलेल्या गाड्यांची यंत्रसामग्री पुढे-मागे जवळपास सारखीच असते, तरीही त्या कड्यांवर कमालीच्या चिवट ठरल्या. नाकाचे वजन हेच सर्वस्व असते, तर त्यांना ते यश मिळायला नको होते. त्यांचे वजन खाली होते, आणि तेच त्यांचे बळ होते.

आता हिशेब. १/१० प्रमाणातल्या प्रचलित गाडीचा व्हीलबेस साधारण ३१२ मिलिमीटर असतो. गुरुत्वमध्य दोन्ही ॲक्सलच्या बरोबर मध्ये, म्हणजे मागच्या चाकापासून १५६ मिलिमीटरवर, आणि जमिनीपासून ९० मिलिमीटर उंच आहे असे धरू. चढावर गाडी मागे कधी कोसळते? गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या मागे गेला की. १५६ भागिले ९० हे गुणोत्तर १.७३ येते, आणि तो ६० अंशांचा टॅन आहे; म्हणजे ही गाडी ६० अंशांवर पाठीवर जाईल. उंची १० मिलिमीटरने घटवली, तर हा कोन ६३ अंशांच्या जवळ जातो. उंची तशीच ठेवून वाटणी पन्नास-पन्नासवरून साठ-चाळीस केली, तर तो ६४ अंशांच्या थोडा पुढे जातो. वरवर पाहता वाटणी जिंकली. पण त्यासाठी गुरुत्वमध्य तब्बल ३१ मिलिमीटर पुढे सरकवावा लागला, उंचीत मात्र फक्त १० मिलिमीटरचा फरक केला होता. मिलिमीटरला मिलिमीटर लावून पाहिले तर गुरुत्वमध्य १ मिलिमीटर खाली आणणे हे तो पावणेदोन मिलिमीटर पुढे नेण्याच्या तोडीचे आहे. शिवाय पुढे सरकवण्याची किंमत उतारावर मोजावी लागते: चढावर जितके अंश कमावले, त्यांहून अधिक उतरताना नाकावर आपटण्याच्या बाजूने गमावले जातात. खाली आणण्याची अशी परतफेड कुठेच करावी लागत नाही. चढ, उतार आणि आडवा उतार, तिन्हींकडे फायदाच होतो.

येथे एक रास्त शंका निघते. ६० अंशांच्या चढावर टिकायला घर्षणांकही १.७३ हवा, कोरड्या दगडावरचे रबर त्याच्या आसपास क्वचितच पोचते, मग गाडी उलटण्याआधी घसरणारच, आणि हा सगळा हिशेब कागदावरच राहणार. एकसारख्या, गुळगुळीत चढासाठी ही शंका खरी आहे. सह्याद्रीतला शेवाळलेला काळा कातळ पावसात भिजला की तोलाचा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच गाडी खाली घसरते. पण क्रॉलरच्या वाटेवरचे दगड फळीसारखे सपाट नसतात, ते पायऱ्यांसारखे असतात. पुढची चाके २५० मिलिमीटर उंच पायरीच्या माथ्यावर आणि मागची खालच्या सपाट जागेवर, अशा अवस्थेत प्रत्येक चाकाखालचा पृष्ठभाग आडवाच असतो, त्यामुळे घर्षणाची फारशी अडचण नसते. पण दोन्ही चाकांच्या टेकण्याच्या जागा जोडणारी रेषा ५३ अंशांनी कललेली असते. उलटण्याचा संबंध या रेषेच्या कलाशी आहे, घसरण्याचा संबंध प्रत्येक चाकाखालच्या दगडाच्या कलाशी. हे दोन कोन वेगळे ओळखले की या विषयातले निम्मे वाद मिटतात. आपली पन्नास-पन्नासवाली गाडी त्या पायरीवर उभी राहते, पण तिच्या पुढच्या चाकांवर वजनाचा साधारण ३६ टक्के वाटा उरतो. थ्रॉटलचा झटका बसला की नाक आणखी हलके होते. हीच गाडी ८० मिलिमीटर उंचीची आणि साठ-चाळीस असेल, तर पुढे जवळपास निम्मा भार राहतो आणि स्टिअरिंगला अर्थ उरतो. सपाट टेबलावरच्या वजनकाट्याने दाखवलेले साठ-चाळीस गाडीला प्रत्यक्ष वाटेवर क्वचितच भेटते, हे यातून उघड होते. तो आकडा सुरुवातीची शिल्लक आहे, आणि ती किती झपाट्याने संपते हे उंची ठरवते.

नाक जड करण्याच्या बाजूने सर्वाधिक दिले जाणारे कारण मात्र उलटण्याचे नसून पकडीचे असते: पुढे वजन जास्त, म्हणून पुढची चाके दगड घट्ट धरतात. या विधानात अर्धे सत्य आहे. चारही चाके चालती आणि दोन्ही डिफरन्शियल कुलूपबंद असलेल्या गाडीत पुढची पकड वाढली तर मागची तेवढीच कमी होते. शाळेत शिकलेल्या घर्षणाच्या नियमाप्रमाणे बेरीज बदलत नाही. गाडीचे एकूण वजन वाढवले तरी तेच: पकड वाढते त्याच प्रमाणात वर ओढायचे ओझेही वाढते. रबर तर शाळेतला नियमही पुरता पाळत नाही. भार वाढत जातो तसा त्याचा घर्षणांक किंचित घटतो. म्हणून चारही चाकांवर शक्य तितका सारखा भार असणे एकूण पकडीसाठी उत्तम, आणि चढावर मागे सरकणारा भार लक्षात घेता थोडे नाक जड ठेवणे हे त्या समतेकडे नेणारे पाऊल आहे. मात्र ही समता पूर्णत्वाला नेण्याचा हट्ट धरू नये. ८० मिलिमीटर उंचीच्या गाडीला ४५ अंशांच्या चढावर पुढे-मागे सारखा भार हवा असेल, तर सपाटीवर तिचा ७५ टक्क्यांहून अधिक भार पुढे असावा लागेल, आणि मग ती उतरताना ४४ अंशांच्या आतच नाकावर पालथी होईल. वजनाच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र खुल्या मनाने मान्य करायला हवा: मऊ टायर आणि त्यातला फोम दगडाच्या उंचसखल पृष्ठभागावर बसायला काही किमान भार लागतो. अगदीच हलक्या गाडीचा टायर दगडावर पसरत नाही, नुसता टेकून राहतो. पण त्यावर अधिक मऊ फोम हाही उपाय आहे, आणि त्याचे वजन काहीच नाही.

जड नाकाच्या विरुद्ध जाणारा एक पुरावा या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे. समोर उभी पायरी आहे, पुढची चाके तिच्या तोंडाला टेकली आहेत, अशी कल्पना करा. या क्षणी गाडी वर कशी जाते? मागची चाके जमिनीला रेटून पुढच्या चाकांना भिंतीवर दाबतात, त्या दाबातून पुढच्या टायरला उभ्या दगडावर घर्षण मिळते, आणि त्या घर्षणाच्या जोरावर नाक उचलले जाते. म्हणजे काम सुरू होते मागच्या चाकांच्या भारापासून, आणि उचलायचे ओझे असते नाकाचे. ५८ मिलिमीटर त्रिज्येच्या टायरसाठी बलांचा आणि घूर्णाचा समतोल मांडला, तर घर्षणांक १ असताना पुढचा भार साधारण ६९ टक्क्यांपर्यंत असला तरी नाक चढते. घर्षणांक ०.८ झाला की ही मर्यादा ५५ टक्क्यांवर येते. थोड्या धुळकट किंवा ओलसर दगडावर साठ-चाळीसची गाडी भिंतीपाशी चाके फिरवत उभी राहील आणि पंचावन्न-पंचेचाळीसची वर जाईल, हे या आकड्यांचे सरळ म्हणणे आहे. पुढची चाके माथ्यावर पोचली की चित्र पालटते. आता पुढची चाके ओढतात आणि मागची भिंतीवर चढतात, आणि इथे नाकाचे वजन मनापासून मदत करते. जड नाकाची कीर्ती बहुतेक या दुसऱ्या टप्प्यातून आली असावी, कारण प्रेक्षकाच्या डोळ्यांत भरतो तो तोच. पायरीच्या पायथ्याशी गाडी अडली तर दोष टायरला दिला जातो. तेव्हा साठ-चाळीस हा सर्वत्र लागू पडणारा नियम न मानता, कोरड्या आणि खडबडीत दगडावरचे एक समाधानकारक उत्तर म्हणून त्याच्याकडे पाहणे बरे.

आडव्या उताराबद्दल थोडक्यात सांगून भागेल, कारण तिथे वाद करायला जागाच नाही. गाडीच्या मध्यरेषेपासून टायरच्या टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर सुमारे १०० मिलिमीटर धरले, तर ९० मिलिमीटर उंचीची गाडी ४८ अंशांवर कुशीवर पडते, ८० मिलिमीटरची ५१ अंशांवर. पुढे-मागे वाटणी कितीही बदला, हा आकडा हलत नाही. आणि गाड्या अनेकदा पडतात त्या कुशीवरच.

मग प्रत्यक्ष करावे काय? तीन उपाय शेजारी ठेवून पाहू. मूळ गाडी २.८ किलोची, वर सांगितलेल्या मापांची. पहिला उपाय प्रचलित आहे: पुढच्या ॲक्सलवर २०० ग्रॅम पितळ. गुरुत्वमध्य किंचित खाली येतो, पुढचा भार ५३ टक्क्यांवर जातो. चढावरचा कोन ६० वरून ६२ अंशांच्या थोडा पुढे, उतारावरचा ५९, कुशीचा जेमतेम पाऊण अंशाने वाढून पावणेएकोणपन्नास. दुसरा उपाय: छतावरची जाळी, तिच्यावरचे नकली डबे, दिव्यांची पट्टी असे २०० मिलिमीटर उंचीवरचे १०० ग्रॅम काढून टाकणे. चढावर आणि उतारावर प्रत्येकी एक अंशाहून अधिक, कुशीवर सव्वा अंशाहून अधिक लाभ, आणि गाडी हलकी. कुशीच्या बाबतीत छतावरच्या १०० ग्रॅमची वजाबाकी पितळाच्या २०० ग्रॅमच्या बेरजेपेक्षा सरस ठरते, ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी. तिसरा उपाय: २०० ग्रॅमची बॅटरी २०० मिलिमीटर पुढे सरकवणे. एक ग्रॅमही न वाढवता चढावर २०० ग्रॅम पितळाइतकाच फायदा होतो, मात्र उतारावर दोन अंशांहून अधिक गमवावे लागतात. आता दुसरा आणि तिसरा उपाय एकत्र करा, आणि बॅटरी पुढे नेताना ३० मिलिमीटर खालीही बसवा: चढावर ६४ अंश, उतारावर ५९, कुशीवर ५०, पुढचा भार ५५ टक्क्यांच्या आसपास, आणि गाडी मूळपेक्षा १०० ग्रॅम हलकी. पितळाने दिलेल्या आकड्यांना हे कुठेच कमी पडत नाही. आधी काढा, मग हलवा, आणि तरीही कमी पडले तरच चढवा, हा क्रम या हिशेबातून आपोआप निघतो.

पितळ चढवायचेच ठरले तर ते कुठे, हा पुढचा प्रश्न. पितळाची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक, शिशाची त्याहूनही जास्त, टंगस्टनची तर पाण्याच्या एकोणीस पट. जागा कमी आणि खाली, तिथे जड धातू योग्यच. चाकाच्या आत रिमला चिकटवलेल्या शिशाच्या पट्ट्या हा या छंदातला जुना आणि स्वस्त तोडगा. पोर्टल ॲक्सलच्या गाडीत चाकामागच्या गिअरच्या घरांवर पितळी झाकणे बसवता येतात. ती ॲक्सलच्या नळीहूनही खाली असल्यामुळे पोर्टलने वर उचललेल्या नळीची थोडीफार भरपाई होते. यावर आक्षेप असा की चाकातले वजन फिरते आणि स्प्रिंगच्या खाली राहते, म्हणून ते घातक. हा आक्षेप वेगवान गाड्यांच्या अनुभवातून उचलला आहे. मुंगीच्या चालीने चढणाऱ्या गाडीत फिरत्या वजनाला वेग द्यायला लागणारी ऊर्जा नगण्य असते. उड्या मारत पायवाटेवर पळवायची असेल तर मात्र तो पूर्णपणे लागू आहे. तिथे जड चाके शॉक आणि ड्राइव्हशाफ्ट दोघांचे आयुष्य खातात. स्टिअरिंग फिरवणाऱ्या सर्व्हो मोटरवरचा ताण हा अधिक गंभीर मुद्दा वाटतो: दगडांच्या फटीत अडकलेले जड चाक वळवताना सर्व्होचे गिअर तुटतात, आणि पितळाच्या खर्चात पुढे सर्व्होचा खर्चही जोडावा लागतो.

या साऱ्या गणिताविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप असा आहे की गाडी म्हणजे लाकडी ठोकळा नव्हे. तिला स्प्रिंग आहेत, आणि कल बदलला की गुरुत्वमध्यही जागा बदलतो. हे मान्यच करायला हवे. फक्त त्याने निष्कर्ष उलटत नाही, तो आणखी पक्का होतो. चढावर मागचे शॉक दबतात आणि चॅसिस मागे झुकते, आडव्या उतारावर खालच्या बाजूचे शॉक दबून सारे अंग दरीकडे सरकते. म्हणजे ठोकळ्याच्या हिशेबाने आलेला कोन प्रत्यक्षात आणखी कमी होतो, आणि वरच्या भागात वजन जितके जास्त, तितका हा तोटा मोठा. म्हणूनच अनेक जाणकार स्प्रिंग मऊ घेऊन गाडी जवळजवळ दबलेल्या अवस्थेत बसवतात: शॉकची बहुतेक चाल खाली लोंबण्यासाठी राखीव, वर दबण्यासाठी थोडीच. चॅसिस खाली बसते, आणि खड्ड्यावर आलेले चाक मात्र खाली पोचते. त्यात भर म्हणजे ड्राइव्हशाफ्टचा पीळ. मध्यभागी मोटर असलेल्या गाडीत शाफ्ट फिरवणाऱ्या बलाची प्रतिक्रिया चॅसिसला एका बाजूला कलवते, आणि ऐन चढावर पुढचे एक चाक हलके होते. हा पीळ पितळाने दबतो असे म्हणतात. तो दबतो कमी आणि झाकला जातो जास्त. पोर्टल ॲक्सलमध्ये शेवटची गिअर-घट चाकापाशीच होत असल्याने शाफ्टमधून जाणारे बलच कमी असते, आणि त्यामुळे पीळही मुळातच घटतो. पोर्टलची तारीफ सहसा जमिनीपासूनच्या उंचीसाठी होते, पण त्याची ही कामगिरी तोलाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे.

एक आक्षेप गणिताचा नाही, आवडीचा आहे. अनेकांना खऱ्या जीपची हुबेहूब प्रतिकृती हवी असते: जाड प्लास्टिकची बॉडी, छतावरचे सामान, ॲक्सलऐवजी चॅसिसवर बसवलेला सर्व्हो. त्यांना छत रिकामे करा म्हणणे म्हणजे छंदातला आनंदच काढून घेणे. हा आनंद खरा आहे, आणि त्याच्यासाठी काही अंश गमावणे हा पूर्ण शहाणपणाचा सौदा असू शकतो. फक्त तो सौदा डोळे उघडे ठेवून व्हावा. चॅसिसवरचा सर्व्हो दिसायला सुंदर, पण तेवढे वजन ॲक्सलवरून वर उचलले गेले. आता बॅटरी आणखी खाली बसवता येईल का, बॉडी पातळ पॉलिकार्बोनेटची चालेल का, हे पाहता येते. खरी जीपही इंजिन पुढे आणि खाली असल्यामुळेही कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन वाटेवरच्या ग्रॅनाइटमध्ये तग धरते. छताखालची पोकळी तिथेही पोकळीच असते.

एवढे सगळे मानले तरी बहुतेक लोक उंची मोजत नाहीत आणि वाटणी मोजतात, याचे कारण साधे आहे: वाटणी मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, उंचीसाठी काय करायचे हे कोणी सांगत नाही. तोच काटा पुरेसा आहे. शॉकच्या जागी ठोकळे बसवून किंवा पाचर मारून गाडीची स्प्रिंग-चाल बंद करावी. दोन्ही पुढची चाके काट्यावर ठेवलेल्या फळीवर, मागची त्याच पातळीवर ठेवून पुढचा भार नोंदवावा. मग मागची चाके १०० मिलिमीटर उंच पुस्तकांच्या थप्पीवर ठेवावीत, गाडी हलकेच मागेपुढे करून चाके मोकळी करावीत आणि काट्यावरचा आकडा पुन्हा वाचावा. तो वाढलेला असेल. २.८ किलोच्या, ३१२ मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीत ही वाढ सुमारे ९७ ग्रॅम आली, तर गुरुत्वमध्य चाकाच्या मध्यापासून ३२ मिलिमीटर वर, म्हणजे ५८ मिलिमीटर त्रिज्येच्या टायरसह जमिनीपासून ९० मिलिमीटरवर आहे. वाढीतले दर १० ग्रॅम म्हणजे उंचीतले साधारण सव्वातीन मिलिमीटर. छतावरची जाळी काढा, पुन्हा मोजा; बॅटरी खाली बसवा, पुन्हा मोजा. पितळाची ऑर्डर त्यानंतर द्यायची की नाही, ते त्या वहीतल्या आकड्यांकडे पाहून ठरवता येईल.